सुवार्ता सांगणं म्हणजे काय, आणि 'नाही' म्हणणाऱ्याचं काय

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, दहा-बारा माणसं ढोलकी, टाळ आणि पेटी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. गेल्या वर्षी एका घरून निघताना शेजारच्या दारात उभ्या असलेल्या ताईंनी आमच्या पाळकसाहेबांना थांबवलं. मुलाला आठवडाभर ताप येतोय, त्याच्यासाठी प्रार्थना कराल का, असं विचारलं. ताई ख्रिस्ती नाहीत. दारावर गणपतीची टाइल, आत देव्हाऱ्यात समई लावलेली. पाळकसाहेबांनी आधी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंय ना? रक्त तपासलं का?" मग उंबऱ्याबाहेरच उभं राहून अर्ध्या मिनिटाची प्रार्थना केली आणि निघाले. पुस्तिका दिली नाही, रविवारी उपासनेला या म्हणाले नाहीत.

जिना उतरताना आमच्यातला एक तरुण नाराज होता. "पास्टर, एवढं दार उघडलं होतं." पाळकसाहेब म्हणाले, "ते दार तापाने उघडलं होतं रे."

ख्रिस्ती धर्मप्रचार हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे सगळं धर्मांतराचं कारस्थान आहे. दुसरा म्हणतो, आम्ही फक्त सेवा करतो, धर्मांतराचं नावही काढू नका. दोन्ही अपुरे आहेत. मी याच मंडळीत वाढलो, संडेस्कूलमध्ये शिकलो, पुढे शिकवलंही. म्हणून हा विषय मुळापासून, जमेल तितक्या सोप्या भाषेत मांडतो.

तीन शब्द, तीन गोष्टी

सुवार्ता म्हणजे चांगली बातमी. नव्या करारातल्या 'युआंगेलिऑन' या ग्रीक शब्दाचं हे सरळ मराठी. जुन्या मराठी बायबलात शुभवर्तमान हा शब्दही आहे. वसईच्या कॅथलिक समाजाच्या मासिकाचं नावच 'सुवार्ता'. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते अनेक वर्षं संपादित केलं आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

बातमी कसली? देव येशूच्या रूपाने माणसाच्या जवळ आला, क्रुसावर मेला आणि पुन्हा उठला, ही. ख्रिस्ती माणसाच्या लेखी ही घडलेली घटना आहे. घटना म्हटली की ती सांगायची असते. ज्याला आपलं देणं फिटल्याची खबर मिळाली तो घरात गप्प बसत नाही. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटी येशूची शिष्यांना आज्ञाच आहे, सर्व लोकांकडे जा आणि त्यांना शिष्य करा. त्यामुळे 'तुमचा धर्म तुमच्यापाशी ठेवा, बोलू नका' असं ख्रिस्ती माणसाला सांगणं म्हणजे त्याच्या धर्मातला एक मोठा भाग वगळायला सांगणं. ही गोष्ट विरोध करणाऱ्यांनीही समजून घ्यायला हवी.

मंडळीत आणखी एक शब्द रोजच्या वापरात आहे, साक्ष देणे. 'आज अमुक बहिणीची साक्ष आहे,' असं आम्ही म्हणतो. शब्द कोर्टातला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. साक्षीदाराने पाहिलं-अनुभवलं ते सांगायचं आणि पिंजऱ्यातून उतरायचं. निकाल देणं त्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट सेवा. दवाखाना, शाळा, वसतिगृह, दुष्काळातलं अन्नछत्र. तिसरी धर्मांतर, म्हणजे एखाद्याने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणं. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढ माणसाला बाप्तिस्मा हवा असेल तर त्याला आधी शिक्षण घ्यावं लागतं. हे काही महिने, कित्येकदा वर्षभर चालतं, आणि बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा होतो. जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही तयारीचे वर्ग असतात.

सांगणं, करणं आणि बदलणं. या तिन्ही एकमेकींना लागून आहेत, पण एक नाहीत. सगळा वाद त्यांच्यामधल्या सांध्यांवर होतो. सेवा घेणाऱ्याला सुवार्ता ऐकावीच लागते का? ऐकणाऱ्याला बदलावंच लागतं का? मी एकच कसोटी लावतो: ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का, आणि 'नाही' म्हटल्यावर त्याचं काही बिघडतं का?

केडगावच्या आधीची एक खोली

ही कसोटी घेऊन आपल्याच इतिहासाकडे पाहू. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना पुराण ऐकायची सवय होती आणि नव्या धर्मात ते मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. ते १६१६ साली छापलं गेलं. मराठी भाषेवर इतकं प्रेम क्वचितच कुणी परक्याने केलं असेल. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चालू होतं, आणि जुन्या चालीरीतींकडे परत वळल्याचा नुसता संशय आला तरी माणसाला शिक्षा होत होती. ओवी गोड होती, पण तिच्या मागे शिपाई उभा होता. 'नाही' म्हणायची सोय तिथे नव्हती. मराठी ख्रिस्ती माणसाने ख्रिस्तपुराणाचा अभिमान धरताना हेही बोललं पाहिजे.

इंग्रजी अमलात चित्र वेगळं होतं. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते, व्यापारात आणि कारभारात अडचण येईल म्हणून. १८१३ सालच्या सनदेने ते दार उघडलं. त्याच वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हे त्याचं मोठं ठाणं झालं. तिथल्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळेचा जोतीराव फुल्यांवर किती परिणाम झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेतून घ्यायचं ते घेतलं आणि स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म मांडला.

मला जरा जास्त वेळ थांबायचं आहे ते पंडिता रमाबाईंपाशी. या विषयातला सगळा पेच त्यांच्या एका खोलीत सापडतो.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा. अट अशी ठरली होती की सदनात कुणाला धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर होते. रमाबाई स्वतः मात्र ख्रिस्ती. आपल्या खोलीत त्या बायबल वाचत, प्रार्थना करत आणि खोलीचं दार उघडं ठेवत. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचं म्हणणं असं की मी बोलावलं नाही, पण येणाऱ्याला हाकलणारही नाही. माझ्या घरात मी दार लावून का प्रार्थना करू?

'केसरी'तून टीकेची झोड उठली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

कोण बरोबर होतं? मी लहानपणी ही गोष्ट ऐकली तेव्हा रमाबाईंवर अन्याय झाला एवढंच मनावर ठसलं होतं. आता मला दोन्ही बाजू दिसतात. आपल्या खोलीत प्रार्थना करणं हा रमाबाईंचा हक्क होता, त्यात शंका नाही. पण त्या मुली कोण होत्या? केशवपन झालेल्या, घरात नकोशा, जगात दुसरा आसरा नसलेल्या विधवा. ज्या बाईने त्यांना अन्न, पुस्तक आणि माणूस म्हणून वागणूक दिली, तिचं दार उघडं असेल तर त्या तिथे डोकावणारच. त्या ओढीत कृतज्ञता किती, प्रेम किती आणि विश्वास किती, हे बाहेरून कुणाला सांगता येईल? रानड्यांना वाटलेली काळजी निव्वळ सनातनी नव्हती. आणि तरीही त्या मुलींना स्वतःचं मन होतं, हे टीकाकारांनी धरलंच नाही. त्यांना कुणी विचारल्याचं त्या वादात फारसं दिसत नाही.

याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. रमाबाईंच्या सावलीत वर्षं काढूनही ती हिंदूच राहिली, आणि ज्या सदनाने तिला शिकवलं त्याच्याशी तिचा जिव्हाळा राहिला. 'नाही' म्हणता येत होतं याचा इतका चांगला पुरावा दुसरा नाही.

पुढे रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं केलं, ते उघडपणे ख्रिस्ती. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून उपाशी मुली आणल्या, मरणाच्या दारातून. याच दुष्काळांत नगर जिल्ह्यातही महार-मांग समाजातल्या अनेक कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांना 'भाकरीचे ख्रिस्ती' म्हणून हिणवणं सोपं आहे. पण ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, देवळाच्या पायरीशी उभं राहू देत नव्हते, त्याला भाकरीबरोबर 'आत ये, बस' हा शब्दही मिळाला होता. त्याने काय निवडलं? भाकर की तो शब्द? दोन्ही, असंच मला वाटतं. त्यांचे पणतू आज मंडळीत बसतात, दुष्काळ सरून सव्वाशे वर्षं झाली तरी. पण मिशननेही स्वतःला विचारायला हवं होतं की उपाशी माणसाकडून इतक्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच का घ्यावं? काही मिशनऱ्यांना तो प्रश्न तेव्हाही पडत होता, आणि दुष्काळात बाप्तिस्मा देताना ते हात आखडता घेत.

टिळकांनी काय बदललं

नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला तो रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. घर मोडलं, लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे राहिल्या. पुढे दोघं एकत्र आली ती दोन धर्म एका छपराखाली घेऊन, सोवळ्या-ओवळ्यासकट. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने आणि आपल्या चालीने. 'स्मृतिचित्रे' वाचताना दिसतं की जातपात मनातून आधी गेली आणि बाप्तिस्मा नंतर आला.

टिळकांना एक गोष्ट फार सलत होती. मराठी माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं नाव, पोशाख, गाणं, सगळंच विलायती व्हायचं. ख्रिस्त आणि साहेब एकाच पेटीतून आल्यासारखे. त्यांनी भजनं रचली, कीर्तनं केली, तुकोबांच्या वाटेवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' नावाची मोकळी मंडळी काढली. दोन वर्षांनी ते वारले. पण आजही मराठी उपासनेत त्यांची शेकडो पदं गातात, नाताळच्या त्या फेरीत आमच्या ढोलकीवरही त्यांचंच पद होतं. सुवार्ता ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगायची तर सांगणाऱ्याला आधी ऐकणाऱ्याच्या घरात खाली मांडी घालून बसावं लागतं. टिळक बसले.

आजच्या तऱ्हा

आता वर्तमानात येऊ. 'ख्रिस्ती' म्हणून बाहेरून एकच पाटी दिसते, पण आत घरं अनेक. कॅथलिकांचे धर्मप्रांत आणि बिशप. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, जी १९७० साली नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन झाली. मेथॉडिस्ट, साल्वेशन आर्मी. आणि पेंटेकोस्टल किंवा स्वतंत्र मंडळ्या, ज्या गेल्या काही दशकांत शहरांच्या कडेने वेगाने वाढल्या. जुन्या मंडळ्यांत पाळकाच्या वर कुणीतरी असतं, त्याची बदली होते, तक्रार करता येते. स्वतंत्र मंडळीत कित्येकदा पास्टर हाच संस्थापक, खजिनदार आणि शेवटचा शब्द. आवेश तिथे जास्त असतो, लगाम कमी. वर्तमानपत्रात येणाऱ्या भांडणांचा विचार करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

जुन्या मंडळ्या आता चौकात उभं राहून प्रचार क्वचितच करतात. त्यांचं काम मुख्यतः संस्थांमधून दिसतं. मिरजेला विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या इस्पितळाचं नाव दक्षिण महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. पण माझ्या मते या सगळ्यातलं सगळ्यात शहाणं काम जामखेडला झालं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर जोडपं वेल्लोरला शिकलेलं, दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. १९७० साली त्यांनी जामखेडच्या दुष्काळी भागात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायांना, त्यात निरक्षर आणि दलित बाया पुष्कळ, आरोग्याचं शिक्षण दिलं. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग, हे त्या बाया बघू लागल्या. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बाईच्या सावलीलाही गाव बाजूला सरकत होतं तिला बाळंतपणासाठी पाटलाच्या घरातून बोलावणं येऊ लागलं, तर त्या गावात काय बदललं असेल याची कल्पना करा. तिथे येशूचं नाव सांगून मग औषध असा क्रम नव्हता. विचारलं तर आरोळे आपली श्रद्धा लपवत नव्हते. एवढंच.

दुसरं टोक चंगाई सभेचं, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेचं. मोठा मंडप, कीबोर्ड, घोषणा, कुबड्या टाकून चालणारी माणसं. प्रार्थनेने बरं वाटतं यावर माझा विश्वास आहे, मी आजारपणात प्रार्थना करतो आणि करवून घेतो. पण आमच्या ओळखीतल्या एका मावशींनी अशाच एका सभेनंतर इन्सुलिन बंद केलं. 'विश्वास कमी पडला तर आजार परत येतो,' असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पायाला जखम झाली तेव्हा त्यांनी घरच्यांपासून ती लपवली, कारण जखम म्हणजे आपल्या विश्वासाची नापासी, असं त्यांना वाटत होतं. दोन बोटं कापावी लागली. त्या सभेत त्यांना 'नाही' म्हणायची मोकळीकच ठेवलेली नव्हती. बरं झालं तर देवाचं, नाही झालं तर तुमचं चुकलं. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा कुठल्या एका धर्मापुरता नाही. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं, पैसे कमावणं त्यात गुन्हा आहे, मग ते कुणाच्याही नावाने असो.

तिसरी तऱ्हा आता सगळ्यांत मोठी, मोबाईलची. सकाळचं वचन, लाइव्ह प्रार्थना, स्क्रीनखाली फिरणारा फोन नंबर. रात्री दोन वाजता झोप न येणारा माणूस तिथे फोन लावतो आणि पलीकडून कुणीतरी नावाने हाक मारतं. यात दिलासा आहे, तो खोटा नाही. पण तो नंबर पुढे कुठे जातो, त्याला न विचारता किती गटांत टाकलं जातं, याचा विचार आमच्या मंडळ्यांनी करायलाच हवा.

आणि एक तऱ्हा अशी की तिला प्रचार म्हणताच येणार नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा, श्रीरामपूरजवळ हरेगावची मतमाउलीची यात्रा, माहीमच्या चर्चमधला बुधवारचा नोव्हेना, म्हणजे नेमाची प्रार्थना. मेणाचा पाय, मेणाचं घर, मेणाचं बाळ घेऊन रांगेत उभी असलेली माणसं पाहिली तर त्यात हिंदू किती, हे बघून थक्क व्हायला होतं. त्यांना कुणी धर्म विचारत नाही. ती येतात, मेणबत्ती लावतात आणि आपापल्या घरी, आपापल्या देवांकडे परत जातात.

कायदा काय म्हणतो

राज्यघटनेचं २५ वं कलम प्रत्येकाला विवेकाचं स्वातंत्र्य देतं आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्कही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. 'प्रसार' हा शब्द सहज आलेला नाही. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यावर वाद झाला. लोकनाथ मिश्रांना तो शब्द नको होता. कन्हैयालाल मुन्शींनी तो ठेवा म्हटलं. टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितलं की मी चौदा वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण माझा धर्म बदलायचा प्रयत्न तिथे झाला नाही. शब्द राहिला.

पुढे ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली कायदे केले: बळजबरी, फसवणूक किंवा आमिष यांनी धर्मांतर करवणं गुन्हा. ऐकायला सरळ. पण 'बळजबरी' या शब्दात दैवी अवकृपेची भीती घालणंही धरलं गेलं. म्हणजे 'पश्चात्ताप करा, नाहीतर न्याय होईल' हे प्रवचनातलं वाक्य कुठे बसतं, हा प्रश्न आला. 'आमिष' या शब्दाची व्याप्तीही मोठी. मोफत शाळा हे आमिष का?

हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. रेव्ह. स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७७ च्या निकालात पाच न्यायाधीशांनी दोन्ही कायदे वैध ठरवले. सांगितलं ते थोडक्यात असं: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही, कारण विवेकाचं स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे. घटनातज्ज्ञ एच. एम. सीरवाईंनी या निकालावर कडक टीका केली. ऐकणाऱ्याला निवडता यावं म्हणूनच तर सांगण्याचा हक्क असतो, असा त्यांचा मुद्दा.

मला निकालातलं अर्धं पटतं. 'करणं' आणि 'होणं' यांत फरक आहे. धर्म बदलतो तो ज्याचा त्याने, आणि तो त्याचा पूर्ण हक्क आहे. नंतरच्या कायद्यांत अडचण इथेच येते. उत्तर प्रदेशाच्या २०२१ च्या कायद्यात धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे तसं लिहून द्यायचं, आणि धर्मांतर गैर मार्गाने झालं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. 'नाही' म्हणणाऱ्याला संरक्षण हवं, ते मी वर पानभर सांगत आलो. पण मग मनापासून 'हो' म्हणणाऱ्या प्रौढ बाईने ते कलेक्टर कचेरीत का सिद्ध करावं? तिच्या मनाची चौकशी कुठला कारकून करणार? महाराष्ट्रातही फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याचा अभ्यास करायला समिती नेमली. राज्याराज्यांत शब्द आणि शिक्षा वेगळ्या आहेत, तेव्हा आपापल्या राज्याचा कायदा मूळ मजकुरातून वाचावा, व्हॉट्सॲपवरून नाही.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता होता, १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला नाही. ज्याला आमिष म्हणतात त्याची ही उलटी बाजू. बाप्तिस्मा घेतला की सवलत जाते, पण वस्तीतली जात जात नाही, आणि खेदाची गोष्ट म्हणजे काही मंडळ्यांच्या बाकांवरूनही ती जात नाही. त्यामुळे कित्येक कुटुंबं रविवारी मंडळीत आणि कागदावर हिंदू अशी राहतात. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती देशात २.३ टक्के, महाराष्ट्रात सुमारे ०.९६ टक्के, संख्येने जवळपास पावणेअकरा लाख. १९७१ साली देशातला आकडा २.६ टक्के होता. लोकसंख्या उलटीपालटी होतेय, या भीतीला या आकड्यांत आधार नाही. कागदावर न आलेली माणसं आहेत, तेही खरं. पण ती लपून राहतात याचं कारण आधी बघा.

चर्चने स्वतःला घातलेला लगाम

बाहेर फारसं माहीत नाही, पण चर्चने या प्रश्नावर स्वतःचे नियमही लिहिले आहेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात म्हटलं की श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा वासही नको, आणि गरीब, अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेष जपून. २०११ च्या जूनमध्ये जिनिव्हात व्हॅटिकन, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस आणि वर्ल्ड इव्हँजेलिकल अलायन्स यांनी एकत्र एक छोटं पत्रक काढलं. एरवी ही तीन घरं एका पंगतीला क्वचित बसतात. त्यात आहे की गरिबीचा आणि गरजेचा फायदा घ्यायचा नाही, सेवेच्या बदल्यात काही मागायचं नाही, आरोग्याच्या प्रार्थनेत माणसाच्या अगतिकतेचा वापर करायचा नाही, दुसऱ्या धर्मांबद्दल खोटं बोलायचं नाही, आणि धर्म बदलण्याचा निर्णय घेणाऱ्याला विचाराला पुरेसा वेळ द्यायचा.

हे पत्रक मी आमच्या तरुण संघात मोठ्याने वाचलं होतं. जिन्यात नाराज झालेला तो मुलगाही होता. त्याने विचारलं, "मग सुवार्ता सांगायची कधी? माणूस दुःखात असतानाच तर देवाकडे वळतो." प्रश्न खरा आहे. मी स्वतः वडील गेले त्या वर्षी प्रार्थनेकडे वळलो, सुखात नाही. दुःखातल्या माणसापाशी जायचंच, त्याचा हात धरायचाच. फक्त त्या वेळी त्याच्याकडून उत्तर मागायचं नाही. तो उभा राहू दे, घरी जाऊ दे, चार लोकांशी बोलू दे. बातमी चांगली असेल तर ती आठवडाभराने शिळी होणार नाही.

त्या ताईंच्या मुलाला टायफॉइड निघाला. औषधाचा कोर्स पूर्ण झाला, जानेवारीत तो शाळेत जाऊ लागला. संक्रांतीला ताई तिळगूळ घेऊन आमच्याकडे आल्या आणि नाताळच्या फेरीत तुम्ही जे पद म्हणत होता ते कुणाचं, असं विचारलं. टिळकांचं, म्हटलं, नारायण वामन. त्यांनी शब्द लिहून घ्यायला वही काढली, तेव्हा माझ्या बायकोने आमच्या घरातलं 'उपासना संगीत' हे गीतांचं जुनं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे. आम्ही मागितलेलं नाही, आणि त्याविषयी त्यांना काही विचारलेलंही नाही.